नऊ टक्के

शेजारच्या ग्राइंडरवरून उडालेली लोखंडाची किरच शामराव चौगुल्यांच्या डाव्या डोळ्यात घुसली होती. इस्पितळातल्या यंत्राने आकडा दिला: नजर परत येण्याची शक्यता नऊ टक्के.

“किरच काढू, जखम शिवू,” डॉ. नेर्लीकर म्हणाल्या. “नजरेसाठीचं मोठं ऑपरेशन मात्र दहाच्या खाली करत नाहीत. नियम आहे.”

“यंत्र चुकत नाही का, मॅडम?”

“चार वर्षांत एकदाही नाही. दहाच्या खालच्या एकालाही पुन्हा दिसलेलं नाही.”

“त्यातल्या किती जणांचं ते ऑपरेशन केलंत?”

डॉक्टरबाईंनी नजर चुकवली. “एकाचंही नाही.”

बावीस वर्षं शामराव फाउंड्रीत तपासनीस होते. जरा संशय आला की ते नगावर लाल खडूने फुली मारत आणि तो नग वितळायला भट्टीत जाई. फुली मारलेला नग पुन्हा कुणी तपासून पाहिला नव्हता, त्यामुळे त्यांची चूकही कधी निघाली नव्हती. बिनचूक कामाबद्दल मालकांनी दिलेलं घड्याळ त्यांच्या मनगटावर होतं.

टाके घालण्याआधी नर्सने ते काढायला सांगितलं. शामरावांनी ते तिच्या हातात दिलं आणि म्हणाले, “परत देऊ नका.”