एकोणीस नावं, एक नंबर

दीपिकानं ‘एकत्र करा’ हे बटण दाबलं आणि बाराशे ऐंशी नावांची दोनशे चार नावं झाली.

तिनं आकडा पुन्हा पाहिला. दोनशे चारच. आरोग्य केंद्रात ती एकटीच होती. डॉक्टर जिल्ह्याच्या मीटिंगला गेले होते, रुखमा सिस्टर लसीकरणाला. जुना मेलचा प्रोग्राम सोमवारी बंद पडला होता आणि नवा कोणता घ्यावा यात कॉम्प्युटर ऑपरेटर म्हणून तिचे दोन दिवस गेले होते. एक प्रोग्राम नेट असेल तरच चालायचा, आणि इथलं नेट घटकेत असायचं, घटकेत नसायचं. दुसऱ्यात मेल कॉम्प्युटरवर उतरून राहायचे, पण तो सुरू करताना इतके प्रश्न विचारायचा की निम्म्यांचा अर्थच तिला लागेना. शेवटी तिनं हाच घेतला. ऑफिसचा कॉम्प्युटर, डॉक्टरांचा लॅपटॉप आणि तिचा मोबाईल, तिन्ही एकमेकांना जोडले. तर केंद्राच्या पेशंटांच्या यादीतला प्रत्येक माणूस दोनदा दिसायला लागला.

हे बटण दाबायला सांगितलं होतं ते गडचिरोलीच्या कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्या प्रफुल्लनं. तिनं पुन्हा त्यालाच फोन लावला.

“प्रफुल्लभाऊ, सहाशे चाळीस राह्याले पायजे होते. बाकीचे कुठी गेले?”

“कुठी नाई गेले. ज्याइचा नंबर एक, त्याइले त्यानं एकच माणूस समजलं असल.”

“मोबाईलमधले तं बरोबर असल ना?”

“तिन्ही जोडले ना तुमी? मंग तिन्हीकडे तसंच झालं असल.”

तिनं मोबाईल उघडून पाहिला. तसंच झालं होतं.

तेवढ्यात मेल आला. जिल्ह्याच्या प्रयोगशाळेचा. गेल्या आठवड्यात कोहकाटोल्याला जाऊन रुखमा सिस्टरनं गरोदर बाया आणि बाळंतिणींचं रक्त घेतलं होतं. त्यातल्या एका नमुन्यात हिमोग्लोबिन चार पॉइंट सात निघालं होतं. ताबडतोब भरती करा, असं खाली लिहिलं होतं. अशा मेलात नाव नसतं, नुसता मोबाईल नंबर असतो. नाव केंद्रानं आपल्या यादीतून काढायचं.

तिनं नंबर टाकला. नाव आलं, कमला. एक तरी गोष्ट धड झाली, असं वाटून तिनं लगेच फोन लावला.

कोहकाटोल्याला रेंज फक्त टेकडीवर. तिथल्या ऐनाच्या झाडाला फोन टांगून ठेवलेला असतो आणि वाजला की खालून कोणीतरी चढून जातं. चौथ्या वेळी फोन उचलला गेला.

“सुकलू बोलतो, बाई,” पलीकडचा माणूस धापा टाकत म्हणाला.

“सुकलूभाऊ, कमलाले घेऊन या. आत्ताच. तिचं रक्त लय कमी हाय.”

“कमला?” तो दम घ्यायला थांबला. “ते तं मोहफुलं वेचाले गेली. चांगली हाय.”

“हा नंबर तिचाच ना?”

“हा तं माझा होय. गावात फोनच एक हाय. सिस्टरबाईनं साऱ्याइच्या नावापुढं हाच लिवला.”

फोन चालू ठेवूनच दीपिकानं कपाटातली रुखमा सिस्टरची वही काढली. कोहकाटोल्याच्या पानावर एकोणीस नावं होती आणि एकोणीस नावांपुढे तेच दहा आकडे. कॉम्प्युटरनं त्या सगळ्यांची मिळून एक बाई केली होती आणि तिला पहिलं नाव देऊन टाकलं होतं. तिनं पान वरून खाली वाचलं, मग खालून वर. त्यानं काय कळणार होतं?

“कोणी थकल्यासारखी दिसते का, भाऊ? फिक्कट?”

“मले तं साऱ्या सारख्याच दिसते.”

डॉक्टरांचा फोन बंद होता. एवढ्या बायांना बोलावणं हे काही तिचं काम नव्हतं. पण यातल्या एकीजवळ वेळ नव्हता.

“साऱ्याइले आणा,” ती म्हणाली. “एकोणीसच्या एकोणीस. कोणाचा ट्रॅक्टर भेटते का पाहा.”

तीन वाजता ट्रॅक्टर आला. तोवर रुखमा सिस्टर परतल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, सुयांचा डबा काढला आणि बायांना बाकावर बसवलं. एकेकीच्या बोटाला सुई टोचायची, मशीनवरचा आकडा दीपिकानं लिहायचा. नऊ. साडेआठ. कमलाचं दहा. एकोणीस बोटं झाली. सगळ्यात कमी आकडा आठ पॉइंट दोन होता.

एकोणीस जणींचा मोहाचा दिवस तिनं बुडवला होता. बाया पदर सावरत उठायला लागल्या.

“माझाच गोंधळ झाला, सिस्टर. लॅबवाल्याइनं नंबर चुकीचा पाठोला असल.”

रुखमा सिस्टर अजून वहीकडेच पाहत होत्या. “नंबर बरोबर हाय. पण मी ट्यूबा वीस पाठोल्या होत्या.”

“इथी तं एकोणीसच नावं हायेत.”

“शेवटची घेतली तवा वही बॅगेत गेली होती.”

“मंग विसावी कोणाची?”

सिस्टर दाराबाहेर पाहत उठल्या. “ज्याचा नंबर, त्याची. टेकडी चढून लय धापा टाकत होता, म्हणून त्याचंबी रक्त घेतलं होतं.”

सुकलू ट्रॅक्टरच्या चाकाला टेकून खाली बसला होता. सिस्टरनं त्याच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली. आतून पांढरीफटक. त्यांनी तिथंच त्याच्या बोटाला सुई टोचली. चार पॉइंट सहा.

अँब्युलन्स आली तेव्हा त्याला आधार देऊन चढवायला दीपिका पुढं झाली. तो पायरीवरच थांबला. आजूबाजूला उभ्या असलेल्या बायांकडे त्यानं पाहिलं, मग तिच्याकडे.

“काहीतरी गडबड होऊन राह्यली, बाई,” तो तिला समजावत म्हणाला. “मी तं फक्त फोन उचलतो.”