आजचं पॅकिंग

"पॅकिंग आजचंच आहे, आई," तेजलने स्टिकर वाचून दाखवलं आणि रोहूच्या तुकड्यांचं पाकीट ट्रॉलीत ठेवलं.

"पॅकिंग आजचं हाय. मासा कवाचा हाय?" यशोदाबाईंनी पाकीट पुन्हा बाहेर काढलं.

कॉलेज रोडवरच्या त्या गारेगार दुकानात यायची त्यांना मुळीच हौस नव्हती. करोनात गेलेला वास त्यांना परत आलाच नव्हता, आणि ते त्यांनी घरात कुणाला कळू दिलं नव्हतं. गेल्या रविवारी बाजारात सवयीने मासा नाकाशी धरला, खोटीच मान डोलावली आणि घेऊन आल्या. तो खाऊन नात वेदिकाला सलाईन लावावं लागलं. मग बिंग फुटलं. दीपकने आईला हात जोडून सांगितलं, यापुढे मासळी तेजल आणेल, तीही दुकानातून, पाकीटबंद. लग्न होऊन आल्यापासून घरातला मासा निवडणाऱ्या बाईवर सुनेमागे ट्रॉली ढकलायची पाळी आली. चूक त्यांना कबूल होती. शिक्षा मुळीच कबूल नव्हती.

त्यांनी नखाने प्लास्टिक टरकावलं.

"ओ मावशी, फाडू नका! हात लावायला मनाई आहे," काउंटरमागून दुकानातला पोरगा सनी ओरडला.

"आन् पोटात घालायला?" त्यांनी पाकीट सुनेपुढे धरलं. "हुंग."

तेजलने हुंगलं. "काहीच वास येत नाहीये. चांगलाय की."

"बर्फात वास झोपतो. घरी कढईत उठतो."

त्यांनी एका तुकड्यावर बोट दाबलं. बोट काढलं तरी खळगा तसाच राहिला. तेजलनेही दाबून पाहिलं. शेजारी दुसरा खळगा पडला. सनीने इकडेतिकडे बघितलं आणि पाकीट गुपचूप आपल्याकडे ओढून घेतलं.

"आता बर्फातला अख्खा मासा काढ. तो कटला."

यशोदाबाईंनी कल्ला उचलून पाहिला. आत लालभडक. डोळे टपोरे. पाठीवर बोट दाबलं, तर मांस लगेच वर आलं. त्यांनी मुद्दाम आणखी एकदा दाबलं.

तेवढ्यात तेजलला दीपकचा फोन आला. उचलण्याआधी तेजल हळूच म्हणाली, "आई, मीच निवडला म्हणून सांगते. उगाच घरात कटकट नको."

सून चांगली होती, म्हणूनच ते यशोदाबाईंना जास्त झोंबलं. त्यांनी तिच्या हातातून फोन घेतला.

"दीपक, मासा मी निवडलाय. नाकानं नाय, बोटानं. आज पहिलं ताट माझं. मला काय नाय झालं, तर मग तुमी बसा जेवायला."

पलीकडून उत्तर यायच्या आत त्यांनी फोन सुनेच्या हातात दिला आणि सनीकडे वळल्या.

"काप आता. आन् डोकं टाकू नको. ते मला लागतं."