नारळावरचा हात

नारळ शेजारच्या दारात आला, तेव्हा मेघालीने झोळीतलं बाळ उगाचच उचलून घेतलं. झोपलेलं लेकरू कुरकुरलं. पण हात रिकामे दिसले की नारळ पुढे येतो, एवढं तिला कळत होतं.

उद्या ग्रामपंचायतीचं मतदान. भिवंडीच्या गोदामांमागच्या या वाडीत आदल्या दिवशी नारळ फिरायचा, ही केसरीनाथ शेठच्या बापापासूनची रीत. पुतण्या मितेश हळद लावलेला नारळ धरायचा, शेठ मागे उभे. घरातल्या बाईने त्यावर हात ठेवायचा, वज्रेश्वरीची आण घ्यायची आणि शेठच्या चिन्हाला मत कबूल करायचं. पुरुषांचं काय, ते बाटलीवर कबूल होतात. आण बाईकडूनच घ्यावी, भीती बाईच्या पोटात टिकते. हे शेठला कुणी शिकवायला नको होतं.

यंदा वाडीतलीच उन्नती उभी होती. गोदामात पॅकिंगला जाणारी पोर. नळ वाडीत आणीन म्हणाली. घरोघर बसून तिने समजावलं होतं, की मशीन कुणाचं नाव सांगत नाही, आणि धाकाने घेतलेली आण देवीपर्यंत पोचत नाही. बायका माना हलवायच्या. मग एखादी हळूच म्हणायची, हे तुळजाला सांग.

तुळजा म्हणजे मेघालीची नणंद. मेघालीने तिला पाहिलंही नव्हतं. मागच्या निवडणुकीनंतर आठवड्याच्या आत ती काविळीने गेली. बारा वर्षांची पोर. सासूने, गुणाबाईने, नारळावर हात ठेवला आणि मत दुसऱ्याला टाकलं, म्हणून देवीने लेक नेली, असं सगळी वाडी धरून होती. शेठला तोंडावर ऐकवणारी वाडीत गुणाबाई एकटीच. आण मोडली असेल तर हिनेच. गुणाबाई यावर कधी हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. तिन्हीसांजेला मात्र उंबऱ्यात बसून अंधाराला दटावायची, "ये आता आत. किती खेळशील." लग्न होऊन आली त्या दिवशी मेघालीने वळून पाहिलं होतं. मागे कोणी नव्हतं. आता ती वळायची नाही. पण त्या वेळी बाळ दाराकडे बघून हसलं, की तिच्या अंगावर काटा यायचा.

डोक्यावर हंडे घेऊन हायवे ओलांडताना ती रोज ठरवायची, मत उन्नतीलाच. संध्याकाळी उंबऱ्यातला तो आवाज ऐकला की धीर सुटायचा.

शेठ दारात आले. बाळ सासूकडे दे आणि हात ठेव, म्हणाले. मेघाली हलली नाही. शेठ हसले. राहू दे, लेकराचाच हात ठेव, देवीला तेवढंही चालतं. मितेशने बाळाची मूठ धरून नारळावर टेकवली. समोरच्या दारांतून बायका बघत होत्या.

"घाबरतेस कशाला?" शेठ गोडीत म्हणाले. "आण पाळली की झालं. मोडली तर काय होतं, ते बाहेर कुणाला विचारायला नको. घरात गुणाबाई हाय."

मेघालीचे ओठ हलले. आणेचा पहिला शब्द निघणार, तेवढ्यात गुणाबाई चुलीपुढून उठली. बाहेर आली. बाळाची मूठ तिने नारळावरून उचलली आणि आपल्या पदरात धरून ठेवली. शेठकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. समोरच्या दारांकडे तोंड केलं. एरवी साऱ्या वाडीला ऐकू जाणारा तिचा आवाज आज कसा तरी खाली बसला होता.

"मला छातीची समजत होता ना गं तुम्ही? मी समजू दिलं. भ्याली असं कुणी म्हनू नये, म्हनून पाच वरसं गप ऱ्हायले. मी आण मोडलीच न्हाय. पोरीच्या जिवाला भिऊन ह्याच्याच चिन्हावर बोट दाबलं. तरी माझी तुळजा गेली."