सातव्या खांबातल्या रिंगा

शाळेच्या इमारतीचा नकाशा वाळवीने खाल्ला होता, म्हणून कचेरीने ती बांधणारा मिस्त्री शोधून काढला. त्याला फक्त मोतीबिंदू झाला होता.

सुट्टीतल्या ओस व्हरांड्यात इंजिनीअर बाई एकेका खांबाला यंत्र टेकवून ठोके देत होत्या. इमारत भूकंपात तगेल की नाही, हे त्यांना संध्याकाळपर्यंत लिहून द्यायचं होतं. मिस्त्री मागून माहिती पुरवत होता.

"हा भरला त्या दिवशी माझी थोरली झाली. आणि ह्याच्या वेळी बडे साहेब वाळूच्या ढिगावरून घसरले. हसू दाबून दाबून आमचे हात थरथरत होते, तरी खांब बघा, ओळंब्यात आहे."

"साल कुठलं?"

"साल नाही आठवत, मॅडम. साहेबांची पँट पांढरी होती."

सोबत म्हातारा फिटर होता. सळया कापणं, वाकवणं, बांधणं त्याचं काम. दोघांनी मिळून बारा खांब उभे केले होते. आता दोघांना मिळून एक जिना चढवत नव्हता.

सातव्या खांबापाशी बाई खूश झाल्या. "काँक्रीट झकास आहे, आजोबा. आतली सळई दाखवणारं यंत्र दुरुस्तीला गेलंय, पण सगळे असेच असतील तर मी पास लिहिते."

फिटर खुलला. मिस्त्रीने खांबावर हात ठेवला.

सातवा भरला त्या दिवशी फिटरचं लग्न होतं. नव्या कपड्यांत येऊन त्याने घाईघाईत रिंगा बांधल्या. जमीन हलली की उभ्या सळया फाकू नयेत म्हणून त्यांना आवळून धरतात, त्या रिंगा. चार बोटांवर एक हवी; फिटरने वीतभर अंतर सोडलं. "वर बघणारा आहे!" म्हणाला. मिस्त्रीने फळ्या ठोकल्या, खांब भरला आणि सगळी टोळी लग्नाला गेली. जेवण उत्तम होतं. तेव्हापासून चाळीस वर्षं मिस्त्री रोज झोपताना सातव्या खांबासाठी हात जोडत आला. गल्लीत त्याची भाविक म्हणून ख्याती होती.

"ह्यात रिंगा कमी आहेत, मॅडम," तो म्हणाला.

फिटरने त्याला कोपर मारलं. "गप की! चाळीस वर्षं उभाय. त्याच्या मर्जीवाचून पानसुद्धा हलत नाही."

"पान त्याने केलंय. जमीनही त्याने केलीय. रिंगा तू बांधल्यास आणि फळ्या मी ठोकल्या. त्याने जगाकडे बघायचं, की आपला खांब धरून बसायचं?"

"अरे, म्हातारपणी नाव जाईल आपलं!"

"जाऊ दे. आत पोरं बसतात."

शिपायाकडून छिन्नी-हातोडा मागवून मिस्त्रीने स्वतःच खांब एका बाजूने फोडला. दोन रिंगा उघड्या पडल्या. फिटरने त्यांच्यामध्ये आपली वीत ठेवली. वीत मावली, वर दोन बोटं जागा उरली.

"मांडवात ती वाट बघत होती रे," तो हळूच म्हणाला.

बाईंनी सातव्यावर खडूने फुली मारली. मग आठव्यावर. मग मागे जाऊन पहिल्यापासून सगळ्यांवर.

"बाकीचे पक्के आहेत, मॅडम!" फिटर कळवळला. "ते भरले तेव्हा कुणाचंच लग्न नव्हतं!"

"असतील, काका. पण आता उघडून बघितल्याशिवाय मला लिहिता यायचं नाही."

मिस्त्रीने मान डोलावली. आठव्या खांबापाशी जाऊन त्याने त्याच्या गिलाव्यावरून तळवा फिरवला. काँक्रीट पक्कं व्हावं म्हणून ह्या खांबाला त्याच्या बायकोने एकवीस दिवस घागरी वाहून, हात पोचेल तिथवर पाणी मारलं होतं. "बास कर, खांब आहे, रोप नाही," असं तो ओरडायचा. ती ऐकायची नाही. आता ओरडायचं म्हटलं तरी ऐकायला कोणी नव्हतं.

"वरून फोड," फिटर म्हणाला. "खाली वहिनींचा हात लागलाय."

"म्हणून तर खालून फोडतो," मिस्त्री छिन्नी टेकवत म्हणाला. "निदान एक जागा तरी पक्की निघेल."