उजवीकडचा खोका

"सिस्टर, मी मेलेलो नाही," दारातच त्याने सांगून टाकलं आणि हत्यारांची पिशवी खाली ठेवली.

सिस्टरांनी चष्म्यावरून पाहिलं. कॉन्व्हेंट शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचं वार्तापत्र बावीस वर्षं त्याच काढत होत्या. कोण काय झालं, कोणाचं लग्न झालं, कोण गेलं, सगळ्या खबरी त्यांच्याकडे यायच्या. पण गेलेला माणूस स्वतः तक्रार घेऊन येण्याची ही पहिलीच वेळ. चेहरा आठवायला वेळ लागला नाही. कान तेच होते, सुपासारखे.

"स्क्रू!" त्या ओरडल्याच. वर्गातली एकही वस्तू त्याने खोलायची सोडली नव्हती, म्हणून हे नाव पडलं होतं.

टेबलावर बुटांचे दोन खोके होते. डावीकडच्या खोक्यात पत्ता हरवलेल्यांची कार्डं, उजवीकडच्यात देवाघरी गेलेल्यांची. सिस्टरांनी उजवा खोका ओढला, स्क्रूचं कार्ड शोधलं आणि कपाळाला हात लावला. गेल्या वर्षी त्याचा अंक पत्ता न सापडल्यामुळे परत आला होता. त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन तेव्हा व्हायचं होतं. कार्ड डावीकडे जायचं ते उजवीकडे पडलं आणि पोरगा चालताबोलता देवाघरी पोचला.

"तुला कळलं कसं रे?"

"हॉस्पिटलची लिफ्ट दुरुस्त करत होतो. खड्ड्यातून डोकं वर काढलं, तर समोर आमच्या वर्गातला डॉक्टर. मी वर आलो आणि तो खाली पडला. सावध झाल्यावर म्हणतो, अरे, अंकात वाचून मी तुझ्यासाठी मेणबत्ती लावली होती!"

कोपऱ्यात पाकिटांना तिकिटं चिकटवत बसलेल्या थोरल्या सिस्टर खुदकन हसल्या. त्यांचं वय एक्क्याण्णव. त्यांना ऐकू येत नाही असं सगळे म्हणायचे, पण त्यांना हवं ते बरोबर ऐकू यायचं.

सिस्टरांना मात्र हसू येईना. "रोज सकाळच्या प्रार्थनेत गेलेल्यांची यादी मी मोठ्याने वाचते. तुझं नाव आलं की एकच दिवस आठवायचा. वर्गाच्या फोटोच्या दिवशी मी तुला बाहेर उभं केलं होतं. शाळेची घंटा खोललीस म्हणून. त्या फोटोत तू नाहीस. वर्षभर मनात एकच, आता माफी मागायची तरी कोणाकडे?"

"त्या दिवसापासून घंटा नीट वाजायला लागली होती, सिस्टर."

"माहीत आहे. तेच कधी बोलले नाही." त्यांचे डोळे भरून आले. "चुकलं माझं, बाळा."

स्क्रू पार गडबडला. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, मग छताकडे. "तो पंखा कुरकुरतोय. बघू का जरा?"

"बस खाली! अंक आज दुपारी छापायला जातोय. तुझी बातमी सांग."

"नुसतं त्या यादीतून नाव काढा, झालं. माझी कसली बातमी? आमच्या वर्गात न्यायाधीश आहे, वैमानिक आहे. मी आपला लिफ्टवाला."

"तो न्यायाधीश पाचव्या मजल्यावर कसा चढतो, विचार त्याला एकदा. सांग आता. वर्षभर तुझ्या आत्म्याला शांती मागत होतो आम्ही. मिळाली का?"

"शांती कुठली, सिस्टर! जुळ्या मुली झाल्या."

एवढं बोलला आणि त्याची कळी खुलली. "एकवीस दिवसांच्या आहेत. दहा वर्षं वाट पाहिली. डॉक्टरांनी हात टेकले होते. आणि त्याआधी बढती झाली. चार माणसं आहेत आता हाताखाली. सगळं या एका वर्षात..." तो मध्येच थांबला. खोक्याकडे बघत राहिला.

सिस्टरांनी शब्द न् शब्द टिपून घेतला. "फोटो पण दे. मुलींना घेऊन तू. पानाच्या मधोमध छापते की नाही बघ." मग लाल पेन्सिल उचलून त्यांनी प्रार्थनेची यादी पुढे ओढली.

"सिस्टर," स्क्रू चाचरत म्हणाला, "अंकातून काढा. पण प्रार्थनेतून... एकदम नका ना बंद करू."

"अरे, ती दिवंगतांची यादी आहे! जिवंत माणसाचं नाव कसं वाचू त्यात? काही नियम असतात."

थोरल्या सिस्टरांनी हातातलं तिकीट शांतपणे पाकिटावर दाबून बसवलं.

"वाच गं," त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं इतक्या जणांसाठी मागतोय आपण. प्रार्थना पोचली म्हणून सांगायला परत आलेला हा एकटाच."