मोठा तुकडा

सर्बियातल्या नोव्ही साद शहरातल्या एका ऑफिसात पुलांचे आराखडे होतात. शुक्रवारी नेबोयशा सॉफ्टवेअरमध्ये नव्या पुलाच्या एकेका कामावर माणसं नेमून खर्च लावत बसला होता. बेरीज काही केल्या गिऱ्हाइकाच्या बजेटात बसेना. सहज बघावं म्हणून त्याने ऑफिसातल्या जुन्या इंजिनियर झोरिकाताईंचं नाव सगळ्या कामांवरून काढलं आणि त्या जागी एका नव्या इंजिनियरचं टाकलं. त्याचा तासाचा दर ताईंच्या निम्मा. आकडा बरोब्बर बसला. तो ताईंचं नाव परत टाकणार, तेवढ्यात साहेब मागून डोकावले, "वा रे पठ्ठ्या!" म्हणाले आणि तोच आकडा गिऱ्हाइकाला पाठवून मोकळे झाले.

सोमवारी झोरिकाताई चेरीचा केक घेऊन आल्या. इथे ज्याचा वाढदिवस, केक त्यानेच आणायचा.

"वाढदिवस का, ताई?" नेबोयशाने विचारलं.

"छे रे! सगळ्या कामांवरून माझं नाव काढल्याचा मेल आला, सॉफ्टवेअरचा. म्हणजे नारळच दिला की मला. तोंडावर सांगायची लाज वाटली असेल साहेबांना. म्हटलं, आपण तरी सगळ्यांचं तोंड गोड करून जावं. तुला ठाऊक असतं तर तू सांगितलं असतंस, एवढं कळतं मला. हा घे, तुझ्यासाठी मोठा तुकडा ठेवलाय."

नाव मी काढलं, परत टाकायचं राहिलं, एवढं म्हटलं तरी पुरे होतं. नेबोयशाने भला मोठा घास तोंडात कोंबला, म्हणजे बोलावं लागणार नाही.

"आवडला ना? अजून देऊ?"

त्याने बशी पुढे केली.