खिळ्यांचा आवाज

"मग आपल्याच बागेत करू," क्लाइव्ह म्हणाला, आणि हेझलच्या हातातला चहा बशीत सांडला.

आईच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर क्लाइव्हचा नवा कोरा मेटल डिटेक्टर आडवा पडला होता. निवृत्तीच्या दिवशी कचेरीतल्या लोकांनी दिलेला. उद्या रविवारी तिघा भावंडांनी मिळून पहिल्यांदाच जुनी नाणी शोधायला जायचं घाटत होतं. जमिनीच्या मालकाने हो म्हटल्याशिवाय यंत्र फिरवायचं नाही, हा या छंदाचा पहिला नियम. आणि गावातल्या एकूण एक शेतकऱ्याने क्लाइव्हला वाटेला लावलं होतं. म्हाताऱ्या ऑल्डरिजने तर नाही म्हणायचीही तसदी घेतली नाही, नुसतं फाटक लावून घेतलं.

"बाग बरीच," धाकटी लिनेट म्हणाली. "पाऊस आला तर घरात पळता येईल. आणि खजिना सापडला तर शेतकऱ्याला अर्धा वाटा द्यायला नको."

"खजिना कसला सापडतोय? बाबांचे हरवलेले स्क्रू सापडतील."

दोघं हसली. हेझलला हसू येईना. खिडकीतून तिला बागेच्या पार टोकाचं प्लमचं झाड दिसत होतं.

ती सहा-सात वर्षांची असेल. मोठं पोट घेऊन आई वरच्या खोलीत गेली होती, सुईण येऊन गेली होती, आणि बाळ काही रडलं नव्हतं. सकाळी बाबा शेडच्या दारात बसून एका छोट्या लाकडी खोक्याला खिळे ठोकत होते. मग ते खोकं उचलून बागेच्या टोकाला गेले आणि खणू लागले. खिडकीत उभी हेझल त्यांना दिसली तेव्हा ते वर आले नि एवढंच म्हणाले, "आईजवळ चकार शब्द काढायचा नाही." हेझलने तो काढला नाही. बाबा गेले तरी काढला नाही. क्लाइव्ह तेव्हा नुकता चालायला लागला होता, लिनेट तर जन्मलीही नव्हती. असं एक बाळ होतं, हेच त्या दोघांना माहीत नव्हतं.

आई शेगडीशेजारच्या खुर्चीत डोळे मिटून बसली होती. तिला हल्ली कमीच ऐकू येई. निदान तिघांची तशी समजूत होती.

"आधी स्केगनेसला समुद्रावर जाऊ या ना," हेझल म्हणाली. "वाळूत खणायला सोपं. माझी कंबर बघ जरा."

"वाळूत बाटल्यांची झाकणं मिळतात गं. आणि तुझी कंबर कालपर्यंत ठीक होती."

"बरं, निदान लोखंडाला वाजणं तरी बंद ठेव. नवशिक्यांनी लोखंड बंदच ठेवायचं असतं."

"ठेवलंय की! हे बघ." क्लाइव्हने टेबलाच्या खणातून एक खिळा काढला, यंत्रापुढून फिरवला. यंत्र गप्प. पितळी किल्ली फिरवली. यंत्र कोकलून उठलं. "खिळे म्हणजे नुसता कचरा. आपल्याला काय करायचेत?"

हेझलचा जीव भांड्यात पडला. मग करू देत काय करायचं ते. झाडाखालून यंत्र शंभरदा फिरलं तरी ब्र काढणार नाही, आणि आई सुखाने चहा पीत बसेल.

क्लाइव्हला आता चेव चढला होता. "नियम म्हणजे नियम! मालकिणीला विचारायलाच हवं." त्याने टोपी काढली आणि आईपुढे कमरेत वाकून ओरडला, "बाईसाहेब, आपल्या जमिनीत यंत्र फिरवायची परवानगी असावी!"

आईने डोळे उघडले. "ओरडू नकोस. तो खिळा का नाही वाजला?"

"मी खिळे बंद केलेत, आई."

"चालू कर."

"अगं, मग दिवसभर नुसते खिळेच खणत बसावं लागेल."

"मग खणा. मला खिळेच हवेत." आईचा आवाज अगदी साधा होता, दूध आणायला सांगावं तसा. "बाबांनी तिला खोक्यात ठेवलं. ठोकताना वर ऐकू येत होतं मला. नेलं कुठे ते काही सांगितलं नाही. विचारलं की म्हणायचे, विसर आता. मग मी विचारायचं सोडून दिलं."

"कोणाला ठेवलं, आई?" लिनेटने विचारलं.

"तुझ्या बहिणीला. मला दाखवलीसुद्धा नाही."

क्लाइव्हने टोपी टेबलावर ठेवली. हेझलला शरमेने मान वर करवेना. आईला जपतोय, जपतोय म्हणत तिने जन्म काढला होता, आणि आईला हवं होतं ते सगळा वेळ तिच्याच तोंडात होतं. ती उठली. दाराजवळच्या खुंटीवरून तिने आईचा कोट काढला.

"यंत्र राहू दे, क्लाइव्ह," ती म्हणाली. "हात घाल, आई. हा उजवा."

आईने तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग कोटात हात घातला.

बाग ओलांडायला वेळ लागला. गवत ओलं होतं, आणि आई हेझलच्या दंडाला धरून एकेक पाऊल टाकत होती. मागून दोघं येत होती. प्लमच्या झाडाशी हेझल थांबली. बुंध्यात बाबांनी ठोकलेला, कपडे वाळत घालायच्या दोरीचा जुना आकडा होता. साल वाढून तो निम्मा आत गेला होता.

"इथे?" आईने विचारलं.

"इथे."

आईने आकड्याला हात लावला. बोटाने त्याचा गंज खरवडत ती म्हणाली, "दोरी घरापासून एवढ्या लांब कशाला बांधलीत, रोज इथवर यावं लागतं, म्हणून मी जन्मभर भांडले गं त्यांच्याशी."